दातातला दोरा, मानेतले सात मणके

माझ्या वरच्या समोरच्या दाताला एक बारीक खाच आहे. एकवीस वर्षं बायकांच्या भुवया कोरल्या, त्याची ती खूण. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत आणि मधे पीळ. बोटं उघडली-मिटली की पीळ सरकतो आणि केस उपटले जातात. दोरा त्या खाचेत आपोआप जाऊन बसतो, शोधावा लागत नाही.

प्रत्येक ओढीला मान जराशी मागे जाते, हे मात्र मला कधी जाणवलं नव्हतं. काम अर्धं मान करत होती आणि कौतुक सगळं बोटांचं होत होतं. दिवसाला वीस-पंचवीस गिऱ्हाइकं, प्रत्येकीला दोनेकशे ओढी, आणि तेही खाली वाकून. फिजिओथेरपिस्टने पहिल्यांदा विचारलं, "काकू, तुमचं काम काय?" तर मी म्हटलं, "हातांचं." तिने मला करून दाखवायला सांगितलं. मी हवेत दोरा धरला, दातात टोक घेतल्यासारखं केलं आणि मान हलायला लागली. ती म्हणाली, "हे हातांचं आहे?"

ज्यांच्या हातात नुकताच एमआरआयचा मोठा लिफाफा पडलाय आणि ज्या तो उघडून काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये काहीतरी समजल्यासारखं बघतायत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मीही तसंच बघितलं होतं. काही समजत नाही. बघू नका, बॅगेत ठेवा.

आमचं पार्लर

खांदेश्वर स्टेशनपासून चालत आठ मिनिटांवर, एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचा गाळा आहे. आमचा म्हणजे माझा आणि वनिताचा. वनिता उरणकडच्या गावातली, तिच्या बोलण्यात 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' होतो. चौदा वर्षांपूर्वी माझ्याकडे कामाला आली आणि पाच वर्षांपूर्वी भागीदार झाली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. गिऱ्हाइकांसमोर मला मॅडम म्हणते, एरवी वर्षा. तिच्या हाताला एक शिस्त आहे आणि जिभेला अजिबात नाही.

मंगळवारी पार्लर बंद असतं. दर दुसऱ्या मंगळवारी दुपारी आम्ही दोघी शटर अर्धं खाली ओढून एकमेकींच्या आयब्रो करायचो. त्यात आमचा एक नियम होता. झाल्यावर आरशात बघून 'छान' म्हणायचं नाही. राहिलेला केस दाखवायचा. गिऱ्हाईक घाईत असतं, आरशाकडे नीट न बघताच छान म्हणतं आणि घरी गेल्यावर राहिलेला केस त्याला दिसतो. तो आधी आपल्याला दिसला पाहिजे, म्हणून हा नियम. चौदा वर्षांत वनिताने मला एकदाही छान म्हटलेलं नाही.

दुसरी गोष्ट मानेची. आमच्याकडे हेड मसाज प्रसिद्ध होता. तेल लावून, चोळून, शेवटी एक हात हनुवटीखाली, एक डोक्याच्या मागे, मान बाजूला वळवायची आणि एक झटका. टक् असा आवाज येतो. गिऱ्हाईक "आई गं, काय हलकं वाटतंय" म्हणतं आणि पुढच्या महिन्यात बहिणीला घेऊन येतं. पनवेलला कोर्स केला तेव्हा मी हे शिकले. वनिताला मी शिकवलं. रेटच्या बोर्डावर आम्ही लिहूनच टाकलं होतं : 'हेड मसाज, मान मोकळी करून'. कामोठ्याहून बायका रिक्षा करून यायच्या त्या यासाठी. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

रविवारी संध्याकाळी

लग्नसराई होती. त्या रविवारी एका लग्नघरातल्या चौदा जणी आल्या होत्या. माझी मान पंधरा दिवसांपासून अवघडलेली होती आणि उजव्या अंगठ्याला, तर्जनीला मुंग्या येत होत्या. मी ठरवून टाकलं होतं की हे ब्लीचमुळे. ब्लीचच्या क्रीमने आमच्या लाइनमधल्या बऱ्याच जणींच्या बोटांची सालं जातात. म्हणून मी आठवडाभर हातमोजे घालून काम केलं. मुंग्या मानेतून येत असतील हे डोक्यात आलंच नाही. बोटं दुखतात तर रोग बोटांत, इतका सरळ हिशेब.

शेवटची बाई गेल्यावर मी खुर्चीत बसले. वनिता म्हणाली, "बस तशीच. तुजी मान मोकली करते." तिने मसाज केला, हनुवटीखाली हात घातला आणि झटका दिला. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकींना देत आलो होतो तसाच.

सोमवारी सकाळी चहाचं पातेलं उतरवताना हातातून सांडशी सुटली. चहा ओट्यावर, ओट्यावरून पायावर. पाय भाजला याच्यापेक्षा मला आश्चर्य याचं वाटलं की सांडशी सुटली हे मला आवाज झाल्यावर कळलं. मग ब्लाउजचा हूक लागेना. मग खाली भाजी आणायला गेले तर वाटेत एक बाई मागून ओरडली, "ताई, चप्पल!" डावी चप्पल दहा पावलं मागे राहिली होती आणि मी एका पायात चप्पल घालून चालत होते.

चपलेने मी घाबरले. हाताला काही झालं तर कारण सापडतं. पण पायाचा आणि ब्लीचचा काय संबंध?

रिळं

एमआरआयच्या आधी अंगावरचं सगळं काढायला लावतात. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी माझ्या नवऱ्याने, प्रकाशनी, शर्टाच्या खिशात ठेवली आणि मशीनमध्ये मी होते तेवढा वेळ खिशावर हात ठेवून बसले, असं वनिताने नंतर सांगितलं. तीही आली होती. आत हातोड्यांसारखा आवाज होतो. मी मनात गिऱ्हाइकांची नावं घेत राहिले. देवाचं नाव आठवलंच नाही.

सर्जनच्या टेबलावर प्लॅस्टिकचा पाठीचा कणा उभा होता. पंचेचाळिशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी तो कणा माझ्यासमोर सरकवला. मी पाठीचा कणा म्हणजे एक लांब हाड समजत होते, मधे सळई असावी तसं. तसं नसतं. छोटी छोटी हाडं एकावर एक रचलेली असतात. मानेत सात, छातीच्या मागे बारा, ज्यांना बरगड्या जोडलेल्या असतात, आणि कमरेत पाच. वरची नाजूक, खालची जाड, कारण खाली उतरावं तसं ओझं वाढतं. त्याखाली एकमेकांना चिकटून गेलेली हाडं, माकडहाडापर्यंत.

"मानेत सातच," डॉक्टर म्हणाले. "जिराफालाही सातच असतात."

प्रकाश म्हणाले, "काय सांगता!" त्या खोलीत एवढं एकच वाक्य कोणीतरी मोकळेपणाने बोललं.

मला तो कणा दोऱ्याच्या रिळांसारखा दिसला. प्रत्येक हाडाला मागच्या बाजूला भोक, आणि हाडावर हाड ठेवलं की भोकावर भोक येऊन एक नळी होते. त्या नळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली जातो. त्याच्यातून जागोजाग शिरा फुटतात आणि हातापायांत जातात. दोन हाडांच्या मधे चकती असते, वरून चिवट, आतून मऊ. कणा वाकतो, वळतो, दणका सोसतो तो या चकत्यांमुळे. माझ्या मानेतल्या पाचव्या आणि सहाव्या हाडांमधली चकती फाटून आतला मऊ भाग मागे आला होता. तो एका बाजूला अंगठ्याकडे जाणाऱ्या शिरेवर बसला होता आणि मधे मज्जारज्जूवरही दाबत होता. म्हणून हात. म्हणून चप्पल.

"म्हणजे बोटांना काहीच झालेलं नाही?" मी विचारलं.

"बोटं चांगली आहेत. त्यांच्यापर्यंत निरोप पोचत नाहीये."

ऑपरेशन लवकर करावं लागेल, ते म्हणाले. पाय वाचतील असं त्यांना वाटत होतं. हाताबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी मॉडेल बाजूला सरकवलं. "दाब काढणं माझ्या हातात आहे. शीर किती परत येईल ते शिरेच्या. कपबशी धराल, भाजी चिराल. तुमचं ते दोऱ्याचं काम... सहा-आठ महिने जाऊ द्या, मग बोलू."

मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "अलीकडे पडलात? मार लागला? कोणी मान मोडली, मसाजमध्ये वगैरे?"

माझ्या डाव्या बाजूला प्रकाश होते, उजव्या बाजूला वनिता. प्रकाशना पार्लर कधीच फारसं आवडलेलं नाही.

मी म्हटलं, "नाही."

मी वनिताकडे बघितलं नाही. पण तिने पर्सची चेन लावली, उघडली आणि परत लावली, तो आवाज मला ऐकू आला.

सही

हॉस्पिटलचा दिवस सकाळी सहाला बीपीच्या पट्ट्याने सुरू होतो. मग स्पंज, मग बेसिनशी चूळ, मग 'काल शी झाली का' हा प्रश्न, जो तिथे नमस्कारासारखा विचारतात. दोन दिवसांत त्याची लाज जाते. माझी पहिल्या दुपारीच गेली.

मला वाटत होतं मानेचं ऑपरेशन म्हणजे मागून. तसं नव्हतं. चीर गळ्याच्या पुढच्या बाजूला, सुरकुतीच्या रेषेत. समोरून जायला वाट सोपी असते म्हणे, मज्जारज्जू मागे राहतो. खराब चकती काढायची, तिच्या जागी एक छोटा ठोकळा बसवायचा, वर पट्टी आणि स्क्रू. ती दोन हाडं पुढे एकमेकांना जुळून एक होतात. म्हणजे आता माझ्या मानेत सहाच मणके, जिराफापेक्षा एक कमी, असं प्रकाश म्हणतात. ही त्यांची वर्षातली एकमेव कोटी, म्हणून राहू दिली.

आदल्या दिवशी संमतीच्या कागदावर सही करायची होती. मी पेन धरलं, ते अंगठ्यातून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. नर्स चांगली होती, म्हणाली, "अंगठा लावा ना मावशी, चालतंय." तिने शाईचं पॅड आणलंसुद्धा. मला रडू आलं ते तिथे. एमआरआयमध्ये नाही, डॉक्टरसमोर नाही. मी बी.कॉम. आहे. मी डाव्या हाताने सही केली. पहिलीतल्या मुलासारखी, ओळ सोडून खाली उतरलेली. नर्सने पॅड झाकून खिशात ठेवलं. तिचे मी आजही आभार मानते.

भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली. मरणाची नाही वाटली. जागी झाल्यावर हातात काय असेल याची वाटली. स्ट्रेचरवरून नेताना मी चादरीखाली अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होते, जणू तेवढ्यात काहीतरी होईल.

शुद्धीवर आले तेव्हा घसा सोलल्यासारखा होता आणि आवाज गेलेला होता. आवाज जातो, परत येतो, हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून मी घाबरले नाही. तुम्हीही घाबरू नका. घोट गिळताना आठ-दहा दिवस त्रास होतो. मऊ भात, सूप, आइस्क्रीम. वॉर्डातल्या मावशी दुसऱ्या दिवशी माझी वेणी घालून गेल्या. मानेला बांधलेल्या पट्ट्याच्या, कॉलरच्या वरून, एक केसही न ओढता. एकवीस वर्षं मी बायकांच्या डोक्याला हात लावत आले, पण माझ्या डोक्याला असा हात क्वचितच कोणी लावला होता. पाय ठीक होता. अंगठा नव्हता.

छान, छान

घरी आल्यावर माझं काम म्हणजे तांदळातून राजमा वेचणं. एका वाटीत दोन्ही मिसळून ठेवायचे आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीने एकेक राजमा उचलायचा. फिजिओ श्रुती आठवड्यातून तीनदा यायची. बावीस-तेवीसची, उत्साही. एक राजमा उचलला की "एक्सलंट काकू!" प्रकाश रबाळ्याच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून यायचे, हातपाय धुऊन माझ्यासमोर बसायचे. एक राजमा वाटीबाहेर पडला की "छान!" शर्टाचं एक बटण लागलं की "छान!" शेजारच्या काकू, फोनवरची नणंद, सगळे छान. मी चमच्याने वरण खाल्लं तरी छान.

एक दिवस मी वाटी उलटी केली. तांदूळ सगळ्या हॉलभर. "मी काय बालवाडीत आहे?" म्हणून ओरडले. ओरडले म्हणजे घोगऱ्या आवाजात कुजबुजले, त्यामुळे अजून चीड आली. प्रकाशनी केरसुणी आणली आणि तांदूळ गोळा केले. मग सुपलीतल्या तांदळाकडे बघत म्हणाले, "वर्षा, गाळ्याचा करार दिवाळीत संपतोय. सोडून देऊ. पुरे झालं आता. एवढं करून काय मिळालं, बघितलंस ना?"

"अहो, ते माझं काम आहे."

"मानेचं काय झालंय ते विसरलीस?"

त्यांचं चुकत नव्हतं. तेही थकले होते. पहाटे उठून माझी कॉलर बांधायची, पोळीवाल्या बाईंना दार उघडायचं, मग कंपनीची बस. हूक लावताना त्यांची जाड बोटं दोन-तीनदा चुकायची आणि मला वाटायचं की या माणसाला मी पंचवीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, तुमच्या मानेचं काय. पण करार सोडायच्या बाबतीत मी हो म्हटलं नाही. दिवाळीपर्यंत थांबा म्हटलं. हात आला तर गाळा राहील, नाही आला तर सोडू. असं आमचं ठरलं.

वनिता आली नाही. हॉस्पिटलात एकदा दारातून बघून गेली. घरी डबा पाठवायची, सोसायटीच्या वॉचमनजवळ ठेवून परस्पर जायची. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज यायचे : वॅक्स संपलाय, मागवलाय. स्टीमर रिपेअरला दिलाय. बस. मी "ये ना घरी" असं लिहिलं की तिच्याकडून हात जोडलेलं चित्र.

आणि मला तिचा राग येत होता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. राजमा उचलताना, न उचलला जाताना, माझ्या हनुवटीखाली तिचा हात मला जाणवायचा. मी तिला वाचवलं होतं डॉक्टरांसमोर. मग निदान येऊन बसायला काय झालं, असं वाटायचं.

इथे एक गोष्ट मी वर लिहिलेली नाही. त्या रविवारी वनिताने झटका दिला तेव्हा आवाज आला नव्हता. ती म्हणाली होती, "ऱ्हाऊ दे, आज मान लय ताठ हाय." आणि मी म्हटलं होतं, "परत कर. जोरात."

खरं

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. एक्स-रेमध्ये दोन्ही हाडं जुळायला लागली होती. माझा आवाज परत आला होता. पकड अर्धी आली होती, अंगठ्याच्या टोकाला अजून बधिरपणा होता. डॉक्टर खूश होते. प्रकाश म्हणाले, "छान." मग मी म्हटलं, "डॉक्टर, मी तुम्हाला एक खोटं सांगितलं होतं."

सगळं सांगितलं. झटका, 'परत कर', 'जोरात', कोर्स, बोर्ड. प्रकाश माझ्याकडे बघत होते, मी प्लॅस्टिकच्या कण्याकडे.

डॉक्टर रागावले नाहीत. मग त्यांनी जुनी फिल्म लावली. "चकती आधीच झिजलेली होती. हे बघा, हाडाच्या कडेला इथे वाढ झालीय, ती पंधरा दिवसांत होत नाही. मुंग्याही आधीपासून होत्या. त्या झटक्याने ती बाहेर आली असेल. नसेलही. मी शपथेवर सांगू शकणार नाही." फिल्म काढताना ते म्हणाले, "ऑपरेशन तेव्हाही हेच केलं असतं. पण खरं सांगितलं असतंत तर त्याच दिवशी तुम्हाला म्हटलं असतं, ते मान मोडणं बंद करा. तुमच्याकडे रोज किती बायका येतात?"

तीन महिने मी माझ्या एका मानेचा विचार करत होते. एकवीस वर्षांतल्या बाकीच्या सगळ्या माना माझ्या मनात आल्याच नव्हत्या. त्या क्षणी मला जी लाज वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. म्हणून सांगते : डॉक्टर विचारतात तेव्हा खरं सांगा. ते दोष द्यायला विचारत नसतात.

आम्ही रिक्षात बसलो. मला वाटलं, आता पार्लरवरून सुरू होणार.

"म्हणजे वनिताला वाटत असणार, तिनेच केलं," ते म्हणाले.

"हो."

"आणि तुझं ते 'जोरात'? ते तिने डॉक्टरला सांगितलं असतं तर?"

"नाही सांगितलं तिने."

"तू आज सांगितलंस ते तिला कळवलंस का?"

"अजून नाही."

"मग मला कशाला सांगतेस? तिला सांग," ते म्हणाले आणि रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

मी मात्र लगेच गेले नाही. फोनही केला नाही. मला हात घेऊन जायचं होतं. रिकामा अंगठा घेऊन तिच्यासमोर उभी राहिले तर बोलणं काहीही झालं तरी ती त्या अंगठ्याकडेच बघेल, असं मला वाटत होतं. यात तिचे अजून चार महिने गेले, हे माझ्या लक्षात आलं नाही. आजारी माणूस किती स्वतःपुरतं बघतो, याचा हा नमुना. राजमाच्या जागी मूग आले. मुगाच्या जागी सुई. आणि एक दिवस मी कपाटातून रीळ काढलं.

मंगळवार

नवरात्राच्या आधीच्या मंगळवारी दुपारी मी पार्लरकडे गेले. शटर अर्धं खाली होतं. वाकायचं नाही, म्हणून मी बाहेरूनच हाक मारली. वनिताने शटर वर केलं आणि आम्ही समोरासमोर आलो.

मला आधी दिसल्या त्या तिच्या भुवया. जंगल माजलं होतं. दोन्हींच्या मधेसुद्धा केस आले होते. पार्लर चालवणारी बाई आणि तिच्या अशा भुवया! गिऱ्हाइकं काय म्हणत असतील?

"हे काय गं?" मी म्हटलं.

"कोन करनार?" ती म्हणाली. "मना दुसऱ्या कोनाचा हात आवरत नाय."

आत सगळं जागेवर होतं. रेटच्या बोर्डावर 'हेड मसाज' होता, पुढचे शब्द लाल नेलपॉलिशने रंगवून टाकलेले. दोन थर दिले होते, ती हात लावते ते काम नीटच करते.

"कधी केलंस?"

"तुला अ‍ॅडमिट केला त्याच दिवशी. तवापासून कोनाच्या मानेला हात नाय लावला. बाया विचारतात. मी सांगते, आमी सोरलं ते."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, फिल्ममध्ये काय दिसतं, असेल आणि नसेलही. 'परत कर, जोरात' हे मी म्हटलं होतं आणि ते डॉक्टरांना आणि प्रकाशना सांगितलं आहे, तेही. ती ऐकत होती, हातातला टॉवेल घडी करत, उलगडत.

"ते मना म्हाईत हाय, तू बोललीस ते," ती म्हणाली. "पन हात तं माजाच होता ना."

"शिकवलं मी होतं, वनिता."

"तू तिथं नाय बोललीस डॉक्टरला, तवा मी समजले. माज्या हातून जास्तच झालंय, म्हनून लपवते." तिने टॉवेल ठेवला. "सात महिने मी झोपले नाय नीट, वर्षा."

मी तिचा हात धरला. उजव्या हाताने. तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पकडीकडे. कामाची बाई आहे, पकड मोजत होती.

मग मला खुर्ची दिसली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे ठोकलेले होते. खुर्ची वीतभर उंच झाली होती.

"सुताराला बोलावून करून घेतली," वनिता म्हणाली. "तुला वाकायला नको. कधी आलीस तं."

"कधी केलीस?"

"गनपतीच्या आदी."

ती त्या उंच खुर्चीत चढून बसली आणि मान मागे टाकून डोळे मिटले. मी म्हटलं, "अगं, टोकाला अजून बधिर आहे. कातडी कापली जाईल."

"कापली तं कापली. माजीच हाय."

दोरा दातात धरायचा नाही, हे मी श्रुतीबरोबर ठरवलं होतं. दुसरी एक पद्धत असते, दोऱ्याचं कडं करून फक्त दोन्ही हातांत धरायचं. मान हलत नाही. घरी मी महिनाभर स्वतःच्या पोटरीवर सराव केला होता. पण जीभ आपोआप त्या खाचेकडे गेली, दोरा शोधायला. मी दात मिटले. कडं बोटांत अडकवलं, पीळ दिला, पावडर लावली. वनिताने नेहमीसारखी स्वतःच्या दोन बोटांनी कपाळाची कातडी ताणून धरली.

पाच मिनिटांचं काम, पाऊण तास लागला. दोनदा दोरा सुटला. एकदा खरंच थोडी कातडी धरली गेली, तिने डोळा बारीक केला पण हूं का चूं केलं नाही. अंगठ्याला दोरा कळत नव्हता, म्हणून मी डोळ्यांनी अंगठ्यावर लक्ष ठेवून होते. घाम नाकाच्या टोकावरून पडेल असं वाटत होतं. शेवटी मी थांबले. डावी ठीक होती. उजवी जराशी बारीक झाली होती आणि शेपटाकडे वर गेली होती. आधीच्या माझ्या हातून असं काम झालं असतं तर मी गिऱ्हाइकाची माफी मागितली असती.

मी तिला आरसा दिला आणि वाट बघू लागले. तिच्या तोंडून तो शब्द येईल अशी मला भीती वाटत होती. सात महिने तो शब्द मी ऐकत होते. तिने तो म्हटला असता तर मला कळलं असतं की आता मी तिच्यासाठीही आजारी बाई आहे आणि दिवाळीत गाळा सोडलेला बरा.

वनिताने आरसा जवळ धरला, उजेडाकडे वळली, मान तिरकी केली. डावी भुवई बघितली, उजवी बघितली. तिचे डोळे भरून आले होते, ते तिने टॉवेलने पुसले आणि परत बघितलं. मग बोट उजव्या भुवईच्या खाली टेकवलं.

"हितं एक केस ऱ्हायलाय."

मी वाकून नाही, खुर्ची उंच होती म्हणून सरळ उभी राहूनच बघितलं. राहिला होता. मी रिळावरून नवा दोरा काढला.